दहा ते अकराचा पहारा

काशिनाथला मारलं. मतदानाच्या तीन दिवस आधी, सप्त्याच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दहाला पाच मिनिटं कमी असताना, विठोबाच्या देवळासमोरच्या मंडपाच्या दारात. मारणारे तिघे होते आणि बांबू मंडपाचाच होता. त्याचं डावं मनगट मोडलं. डाव्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण पुढे मी माझ्याविषयी बोलणार आहे आणि त्यात त्याचं राहून जायला नको. आमच्या गावात त्याचंच नेहमी राहून जातं.

गावाचं नाव लिहीत नाही. रायगडात, कळंब आणि पोशीरच्या मधे कुठेतरी समजा. नाव लिहिलं की बाजूची गावं सुटकेचा निःश्वास सोडतील, आणि ती संधी मला कोणाला द्यायची नाही.

त्यानंतर महिन्याभरात मी गाव सोडलं. शेजारच्या तुकारामदादाचा काकडीचा टेंपो सकाळी हायवेवरच्या चौक गावाला जायचा, त्यात पुढे बसले. आई ओट्यावर उभी होती, पदराचं टोक दातात धरून. बाबांनी बॅग चढवली, दोर आवळला, मग पुन्हा सोडून पुन्हा आवळला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ते दोराशीच बोलत बसले. शेवटी कडव्या वालांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "भिजत घालताना कोमट पानी घे." तुकारामदादाने गाडी चालू केली. गाव मागे पडेपर्यंत एकही माणूस हात हलवायला बाहेर आला नाही. ज्या बायकांबरोबर मी लहानपणापासून हरिपाठ म्हटला, त्या नळावर पाठ करून उभ्या होत्या. तुकारामदादा म्हणाला, "रागावू नको गं. तुझ्याशी बोलल्या तर घरी जाब द्यावा लागतो त्यांना." चौकला उतरून पनवेलची बस, पनवेलहून बडोद्याची गाडी. अंतर फार नाही. अंतराचा प्रश्नच नव्हता.

आता मागचं सांगते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी आमच्या पॅनेलची पत्रकं लिहायचे. वीस वर्षांची असल्यापासून. चार ओळींत माणूस पेटला पाहिजे, हे मला जमायचं. आमच्या पॅनेलचे पुढारी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते म्हणायचे, "हिच्या पेनात पेट्रोल हाय." मला ते कौतुक वाटायचं. पेट्रोल कशाला वापरतात हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

काशिनाथ डोंगराखालच्या आदिवासी ठाकरवाडीतला. एका रिसॉर्टवर माळीकाम करतो. आमच्या पॅनेलने त्याला वाडीच्या राखीव जागेवर उभं केलं होतं. त्याचा आवाज गोड, वाडीत भजन तोच धरायचा. त्याला सरपंच वगैरे काही व्हायचं नव्हतं. त्याला एक गोष्ट हवी होती, आणि ती त्याने देवस्थान समितीच्या बैठकीत उभं राहून मागितली: सप्त्यात वाडीला एक पहारा.

ज्यांच्या गावात सप्ता होत नाही त्यांच्यासाठी सांगते. सात दिवस देवापुढे नामस्मरण थांबत नाही. वीणा खाली ठेवायची नाही. तासातासाने माणूस बदलतो, त्या तासाला पहारा म्हणतात. ज्याच्या गळ्यात वीणा असेल त्याने नामाशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. तास संपला की पुढचा माणूस येतो, दोन्ही हात पुढे करतो, वीणा घेतो, आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. त्यात पॅनेल नाही, भावकी नाही, बांधाचं भांडण नाही. सकाळी एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार केलेली माणसं संध्याकाळी एकमेकांच्या पाया पडताना मी पाहिली आहेत. मी देवाधर्माची फार नाही, पण या एका गोष्टीचा मला अभिमान होता. कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे, आमच्याकडे या, माणसं कशी वाकतात बघा.

पहाऱ्याच्या यादीत वाडीचं एकही नाव कधीच नव्हतं, हे मात्र सांगायचे नाही. खरं म्हणजे माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. वाडीची माणसं महाप्रसादाला यायची, लाकडं आणून द्यायची, मंडपाचे बांबू तीच तोडून आणायची.

समितीत बराच वेळ खाकरणं झालं आणि मग कोणीतरी म्हणालं, निवडणुकीचे दिवस आहेत, वाडीची मतं आहेत, द्या एक. देवळाच्या खांबावर यादी लागली. गुरुवार, नऊ ते दहा, माझे बाबा. दहा ते अकरा, काशिनाथ. बाकी सगळी नावं निळ्या पेनाने लिहिलेली, त्याचं पेन्सिलने. मी फोटो काढून ठेवला. काशिनाथने नव्या धोतराचं कापड आणलं.

आता माझी चूक. बुधवारी मी निवडणुकीचं शेवटचं पत्रक लिहिलं आणि त्याला मथळा दिला: "वाडीच्या हातात वीणा!" खाली आमच्या पॅनेलचं चिन्ह. छापायला देण्याआधी काशिनाथला वाचून दाखवलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "ताय, ह्ये कागदावर नको. द्येवाचं हाय ह्ये." मी म्हटलं, अरे, लोकांना कळू दे ना. तो पुन्हा म्हणाला, "नको." मी छापलं. मथळा इतका छान जमला होता की टाकून द्यायला जिवावर आलं. बुधवारी संध्याकाळी पत्रक घरोघर गेलं आणि जे लोक नाक मुरडून का होईना गप्प बसणार होते, त्यांना कारण मिळालं.

गुरुवारी सकाळी मी उरलेली पत्रकं आणायला कर्जतला छापखान्यात होते. आईचा फोन आला. "ये गं लवकर. काशिनाथला लय मारलंय." मी पोचले तेव्हा मंडपाच्या दारात रक्तावर माती टाकून वर रांगोळी काढलेली होती. आत टाळ चालू होते. काशिनाथच्या जागी समितीचा खजिनदार वीणा घेऊन उभा होता. दहा वाजता त्याने ती माझ्या बाबांच्या हातून घेतली होती. दोघे एकमेकांच्या पाया पडले होते. सप्ता एक क्षणसुद्धा थांबला नाही, असं लोक नंतर अभिमानाने सांगत होते.

त्या दिवसापासून गावात दोन काशिनाथ झाले. समोरच्या पॅनेलचा, म्हणजे सरपंचाच्या लोकांचा, काशिनाथ दारू पिऊन मंडपात शिरला होता, पाय घसरून पडला. त्याने आयुष्यात दारू प्यायली नाही, पण ठाकर म्हटल्यावर तेवढं पुरतं. आमच्या पॅनेलचा काशिनाथ फ्लेक्सवर चढला. "हा हल्ला लोकशाहीवर!" फोटो हॉस्पिटलातला, डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले. तो मथळासुद्धा माझाच. त्याची बायको मंगळी नाक्यावर त्या फ्लेक्सखाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग मला म्हणाली, "ताय, डोळं तरी उघडं ठेवायचं. मेल्यावानी दिसतोय त्यो." मी म्हटलं, सहानुभूती मिळते. हे शब्द मी उच्चारले आहेत. दुसऱ्या कुणी नाही.

सप्त्याला देशावरून मोठे महाराज आले होते. माझा भरवसा त्यांच्यावर होता. पुढारी फिरतील, पोलीस फिरतील, पण गळ्यात तुळशीमाळ घालून समतेवर तीन तास बोलणारा माणूस एक वाक्य तरी बोलेल. ते ज्या घरी उतरले होते तिथे मी गेले. ते फराळ करत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळ, दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत."

मी म्हटलं, "दुसरी बाजू कोणाची, महाराज? बांबूची?"

समितीचे अध्यक्ष दारातच होते, ते गुरकावले, "ए पोरी, कुणाशी बोलतेस?" महाराजांनी हात वर करून त्यांना शांत केलं. माझ्याकडे बघून खूप गोड हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

सोमवारी काल्याचं कीर्तन झालं. मतदान आदल्या दिवशी उरकलेलं. महाराज म्हणाले, राजकारण वेशीबाहेर ठेवा, देवाच्या दारात सगळे सारखे, झालं गेलं विसरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारणारे तिघे पहिल्या रांगेत होते. त्यांना महाराजांच्या हातून काल्याचा प्रसाद मिळाला. काशिनाथ तेव्हा अलिबागच्या हॉस्पिटलात होता. विसरायचं कोणी? ज्याला लागलं त्याने. सारखे कोण? जे आत होते ते. देवस्थान समितीने ठराव केला की घटना मंडपाच्या बाहेर घडली, सबब समितीचा संबंध नाही. पायरीच्या एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला बांबू, अशी ती हद्द आखली गेली.

आमचं पॅनेल काठावर निवडून आलं. उपसरपंचपदासाठी समोरच्या पॅनेलचे दोन सदस्य लागत होते. आठवड्यात फ्लेक्स उतरला. भाऊंनी मला बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "केस मागं घ्यायला सांग त्याला. गावात शांतता पायजे. तू सांगितलंस तर ऐकेल." ते दोघे समोरच्या खुर्च्यांवर बसून माझ्याकडे बघत होते. मी चहा तसाच ठेवून उठले. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर सकाळी मी शेवटचं पत्रक वाटलं. चिन्ह नसलेलं. त्यात समिती होती, महाराज होते, भाऊ होते, आणि शेवटच्या ओळीत नऊ ते दहाच्या पहारेकऱ्याला एक प्रश्न होता: तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं?

कारण मला माहीत होतं. गाव म्हणत होतं, वीणेकरी देवाकडे तोंड करून असतो, त्याने काय पाहायचं? पण बाबांची सवय मी लहानपणापासून बघत आले आहे. तास संपायला पाच मिनिटं उरली की ते चालत मंडपाच्या दाराकडे येतात आणि पुढच्या माणसाची वाट बघतात. घेणाऱ्याला आत येऊन शोधावं लागू नये, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बोटाला धरून त्या दारात उभी राहिले आहे. "बाबा, तुम्ही बोलत का नाय?" असं विचारल्यावर तास संपल्यानंतर त्यांनी सांगितलं होतं, "तायडे, वीणा गळ्यात हाय तवर मानसाला तोंड नसतं."

पत्रक वाटलं त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. रागावलेही नाहीत. आईच म्हणाली, "बापाचं नाव चव्हाट्यावर नेलंस. जा बाई कुठं तरी." म्हणून मी निघाले.

बडोद्यात मी एका छापखान्यात काम करते. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो कोणी वाचत नाही, त्याची प्रुफं तपासते. मराठी, हिंदी, इंग्रजी. मला इथे सगळे "बेन" म्हणतात. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक शून्य निसटलं. मालक जयेशभाईंनी कागद समोर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "बेन, आमां भूल ना चाले. कोई मरी जाय." सहा वर्षं मी कागद काळे केले आणि कोणी मला हे सांगितलं नव्हतं, की कागदावर चूक झाली तर माणूस मरतो. गावात उलट होतं, जितकं खोटं तितकी शाबासकी.

इथे रविवारी मी पोहा-जलेबी खाते, दोन रूममेटबरोबर. एक सुरतची, एक भुसावळची. गुजराती कळतं, बोलताना गडबड होते. रिक्षावाला भाव सांगतो तर मी आता "ना, ना, मीटर" म्हणते. वालाचं बिरडं करायला गेले तेव्हा भुसावळवाली म्हणाली, केवढा उपद्व्याप, एकेक साल काढायची! मी साल काढत होते आणि बाबा दोर आवळत होते. कोमट पाणी घ्यायला मी विसरले नव्हते.

आता विलासदादाविषयी. तो सरपंचाच्या पॅनेलचा कार्यकर्ता. या निवडणुकीच्या आधीच्या निवडणुकीत आमच्या मुलांनी त्याला ओढ्याजवळ मोटारसायकलवरून खाली ओढला आणि हात मोडला. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. आणि मी पत्रक लिहिलं: "प्लास्टर खरं की मतांसाठी?" गाव खदाखदा हसलं. पोरं त्याच्या पाठीमागून ओरडायची, "दादा, प्लास्टर कितीला भाड्यानं?" महाराज तेव्हाही आले होते. तेव्हाही ते काही बोलले नाहीत, आणि तेव्हा मला त्यांचं गप्प बसणं फार सोयीचं वाटलं होतं.

तर तो विलासदादा. काशिनाथच्या बाबतीत पोलिसांकडे स्वतःहून जाऊन जबाब देणारा अख्ख्या गावात तो एकटा. स्वतःच्या पॅनेलविरुद्ध. मी गाव सोडलं त्या सकाळी तो मला चौकच्या नाक्यावर भेटला होता. वडापावच्या गाडीपाशी उभा, त्याच वाकड्या हातात प्लेट. मी आभार मानायला गेले.

"माझं आभार नको मानू," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाय केलं मी. काशिनाथसाठी पन नाय केलं, खरं सांगू का. मला म्हाईत हाय मार खाऊन वर खोटा ठरणं काय असतं, म्हनून केलं."

तो पाव चावत राहिला. मग म्हणाला, "तुझा बाप माझ्या समोर हुता. आमची नजरानजर झाली. त्यानं बगितलंय सगळं." आणि बस आली तेव्हा मागून हाक मारली, "ए पत्रकवाली! माझं प्लास्टर खरं हुतं. येवढं लिव कदीतरी."

लिहिते. विलासदादाचं प्लास्टर खरं होतं. ते मला लिहितानाच माहीत होतं.

केसच्या साक्षी आता पुढच्या महिन्यात सुरू होतायत. समोरचा वकील म्हणणार, विलासचं पॅनेलशी बिनसलंय, तो सूड घेतोय. एकट्याच्या जबाबावर हे टिकणार नाही, असं काशिनाथच्या वकिलाने मला फोनवर सांगितलं. ज्यांनी पाहिलं त्यांनी बोलायला हवं. मंडपात तेव्हा चाळीसेक माणसं असतील. त्यातला एकही हललेला नाही. भाऊंचे निरोप वाडीत जातायत, घरकुलाचं बघू, रस्त्याचं बघू. मंगळी म्हणते, "आमी थकलो ताय." केस पडली तर काशिनाथ कायमचा दारू पिऊन पडलेला ठाकर होऊन राहील. त्याच्या पोरांना शाळेत तेच ऐकावं लागेल, आणि पुढच्या सप्त्यात खांबावरच्या यादीत पेन्सिलसुद्धा लागणार नाही.

बाबा दर एकादशीला फोन करतात. लावणी कुठवर आली, म्हशीचं काय झालं, आईचा गुडघा. मागच्या एकादशीला मी मधेच थांबवून विचारलं, "बाबा, त्याला कुठून मारायला सुरुवात केली? मागून का पुढून?"

मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला.

"त्यानं हात पुढं केलं हुतं गं, तायडे. दोनी हात. वीणा घ्यायला. म्हनून त्याला वाचवता नाय आलं स्वताला." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला घरची आठवण वेगळी येते. आधी डोंगर यायचा, आईच्या हातची भाकरी यायची. आता पुढे केलेले दोन हात येतात आणि त्यांच्यासमोर उभा असलेला, गळ्यात वीणा असलेला माझा बाप. घर म्हणजे आता माझ्यासाठी ते चार पावलांचं अंतर. ते कोणी ओलांडलं तर मी परत येईन. नाही ओलांडलं तर इथली खोली बरी आहे, औषधाचे कागद बरे आहेत.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही त्या मंडपात होता. टाळ तुमच्या हातात होते. कोणत्या पॅनेलचे होता ते मला नको, ते विलासदादाने आपल्यापुरतं मिटवलंय. माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, त्या आठवड्यात सप्त्यासाठी तुम्ही रजा काढून आला होता, प्रसाद खाऊन परत गेलात. पुन्हा रजा काढा. काशिनाथच्या वकिलाला भेटा, नाव द्या, कोर्टात या, आणि जे पाहिलं ते सांगा.

आणि बाबा, हा कागद तुमच्यापर्यंत तुकारामदादा पोचवेल. तुमचा तास कधीच संपला. वीणा आता गळ्यात नाही. ते दोन्ही हातांचं वाक्य मला फोनवर नको. उभे राहा आणि कोर्टात म्हणा.